अल्फा रोमिओ ४सी आणि लोटस एलिस एस : ताशी ० ते १०० किमीला खरंच कोण पुढे? ०.१ सेकंदाचा फरक प्रत्यक्षात दिसतो का?

या दोन छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये ४सी पुढे. कंपनीचा आकडा ४सीचा ४.५ सेकंद आणि एलिस एसचा ४.६, आणि बहुतेकांच्या हातात प्रत्यक्षातही तीच पुढे राहील. आता हा ०.१ सेकंद रस्त्यावर किती दिसतो? ताशी १०० ला पोहोचेपर्यंत दोन गाड्यांत जेमतेम दीड मीटर पडतं. म्हणजे मागच्या गाडीचं नाक पुढचीच्या पुढच्या चाकाच्या जरा मागे. बाहेर उभ्या माणसाला दिसेल, आत बसलेल्याला कळणारही नाही.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘एलिसचा ४.६ फक्त कागदावरचा, माणसाच्या हाताने तो निघत नाही असं ऐकलं आहे’. त्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. हेच वाक्य मी आमच्या भावोजींकडून वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्यांच्याकडे ४सी, माझ्याकडे एलिस एस. घरात चार माणसं जमली की विषय निघतो, आणि ताईच्या यजमानांना तोडून कसं बोलायचं म्हणून मी गप्प बसायची.

शेवटी आमच्या गाड्यांच्या क्लबला एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर दिवसभर गाड्या चालवायची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही दोघांनी गाड्या आणल्या. वेळ नोंदवायचं काम ताईकडे दिलं, म्हणजे कोणी तक्रार करायला नको. फोनवर मोजलं नाही. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदा वेग नोंदवतो, त्यावर ०.१ सेकंदाचा वाद कसा मिटणार? सेकंदाला दहा वेळा नोंद करणारा वेगळा जीपीएसचा डबा वापरला.

भावोजींचं काम सोपं होतं. डावा पाय ब्रेकवर, उजव्याने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, ब्रेक सोडायचा. पुढचं सगळं लाँच कंट्रोल (गाडी जागेवरून जोरात सोडणारी संगणकाची सोय) आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लचचा, गिअर आपोआप बदलणारा) बघतात. त्यांचे आकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ४.६ आणि ४.७ च्या बाहेर गेले नाहीत. गाडी म्हणून हे मोठंच काम आहे, मी ते नाकारत नाही.

माझे सुरुवातीचे आकडे ५ च्या वर होते. टायर थंड होते. एलिसमध्ये तीन पेडल, आणि सगळा खेळ पहिल्या दीड सेकंदाचा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चार हजारांच्या आसपास धरायचे, क्लच अर्ध्यावर आणून क्षणभर तिथेच तोलायचा. एकदम सोडला तर मागची चाकं जागेवर फिरतात, जास्त वेळ धरला तर प्लेट तापते आणि गाडी निघतच नाही. नेमका बसला तर मात्र चाकं किंचित घसरत पकड घेतात, इंजिन सीटच्या मागे असल्यामुळे वजन मागच्या टायरवर बसतं आणि गाडी सुटते. मग पहिल्यातून दुसरा. हाताने गिअर बदलताना पाव सेकंद सहज जातो. दुपारपर्यंत टायर गरम झाले, हात बसला आणि ताईने आकडा वाचला : ४.७.

भावोजी म्हणाले, “उतार असेल.” उलट्या दिशेने गेले. पुन्हा ४.७. त्यावर ते म्हणाले, “हे तुझं कौशल्य झालं, गाडीचं नव्हे.”

मला हे अजिबात पटत नाही. लाँच कंट्रोलचा आकडा तरी कोणाचा? तो प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनिअरांचं कौशल्यच त्यात बसवलेलं आहे. माझं कौशल्य माझ्या पायात आहे, म्हणून ते हिशेबातून वगळायचं कारण नाही. एलिसला माणसाच्या हाताने ४.७ काढता येतो, कागदावरच्या ४.६ पासून जेमतेम ०.१ दूर, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

आता कागदाकडे नीट बघा. ४सी २४० पीएस (इंजिनाची ताकद, जवळजवळ हॉर्सपॉवरच), ३५० न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ). एलिस एस २२० पीएस, २५० न्यूटन-मीटर. म्हणजे ४सीला ताकद जास्त, गिअर बदलताना खंड जवळजवळ नाही, मागचे टायरही रुंद, एलिसचे २२५ मिलिमीटर तर हिचे २३५. एवढं असून फायदा फक्त ०.१ चा. कारण वजन. ४सीचे ते प्रसिद्ध ८९५ किलो हे कोरडं वजन आहे, म्हणजे पेट्रोल, तेल वगैरे न भरता. ४० लिटरची टाकी भरली की ३० किलो तिथेच वाढतात, वर तेल, कूलंट. एलिसचे ९२४ किलो मात्र भरलेल्या गाडीचे आहेत. कोरडं वजन भरलेल्या वजनाशेजारी ठेवून टनामागे पीएस काढणाऱ्यांचं काही वाचू नका. अमेरिकेत विकली गेलेली ४सी तर ११०० किलोच्या वर होती, तिचे आकडे इकडे लावू नका.

आणखी एक. एलिस एसला ४.२ असाही आकडा दिसेल, तो ताशी ६० मैलांचा, म्हणजे ९७ किमीच्या जरा आतला आहे. अमेरिकन मासिकं तर गाडी फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू करतात, त्यात पाव सेकंदाच्या आसपास सुटतो. त्यामुळे आकडा कुठून आला, आणि गाडी कोण चालवत होतं, हे आधी बघा.

तुम्ही रोज गर्दीत चालवणार असाल किंवा क्लचशी झगडायची हौस नसेल तर ४सी घ्या. १०० च्या पुढेही तीच सरस, तिचा कमाल वेग २५८, एलिसचा २३४. चालत्या गाडीचा पिकअप हवा असेल तरी तिचा टॉर्क जास्त आहे. ४सीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) भरायला लागणारा क्षण सोडा, तेवढ्यात सुपरचार्जरवाली (तोच पंखा, पण थेट इंजिनाने फिरणारा) एलिस हलकेच पुढे डोकावते. ओल्या रस्त्यावर माझे आकडे साफ कोसळतात, भावोजींचे कमी. आणि असे स्टार्ट वारंवार मारले तर क्लच प्लेट लवकर बदलावी लागते, हेही धरून चला. पण ‘माणसाच्या हाताने निघत नाही’ असं कोणी पुन्हा म्हणालं, तर त्याने आधी गरम टायरवर, दोन्ही दिशांनी मोजून दाखवावं.