गॅरेजचा कट्टा: मिलिटरी ट्रकात व्ही-12 टाकू का?

प्रश्न: काका, माझ्याकडे मिलिटरीतून निघालेला मर्सिडीजचा जुना ट्रक, युनिमॉग 404 आहे. बॉडी ठणठणीत, पण इंजिन जाम. अपघातात गेलेल्या एका मर्सिडीज 600 कारचं व्ही-12, म्हणजे बारा सिलिंडरवालं इंजिन मिळतंय, ते 6 लिटर, 408 हॉर्सपॉवरवालं. मित्र म्हणतात टाकून दे, रॉकेट होईल. बसेल का आणि ट्रकला झेपेल का?

उत्तर: बसेल हो, कटर आणि वेल्डिंग हाताशी असलं की काहीही कशातही बसतं. पण रॉकेटचं जे म्हणताय ना, तिथे जरा थांबा आणि एक साधा हिशोब करा. तुमचं मूळ इंजिन 2.2 लिटर, सहा सिलिंडर, 82 हॉर्सपॉवर, ते 4850 आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) पूर्ण ताकद देतं आणि तेव्हा ट्रक पळतो साधारण 95 च्या स्पीडने. व्ही-12 पूर्ण ताकद देतं 5200 ला. गिअर तेच, अ‍ॅक्सल तेच, टायर तेच, म्हणजे स्पीड किती? 102. पाचपट ताकद आणि वर मिळाले फक्त सात किलोमीटर! कारण ट्रकला अडवतोय तो इंजिनाचा अशक्तपणा नाही, त्याचं गिअरिंग अडवतंय, ते चिखलातून आणि चढावरून ओढत जाण्यासाठी मुद्दाम इतकं खाली ठेवलंय.

बरं, ही जास्तीची ताकद जाणार कुठे? मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण 160 न्यूटन मीटर, व्ही-12 चा 580. पहिल्या गिअरला हा टॉर्क कितीतरी पटीने वाढून शाफ्टवर येतो. चिखलात असाल तर चाक घसरेल, काही तुटणार नाही. पण कोरड्या खडकावर चाकाने घट्ट पकड घेतली आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जे सगळ्यात कच्चं असेल ते जाणार, गिअरबॉक्स, नाहीतर अ‍ॅक्सल शाफ्ट, नाहीतर पोर्टल हबमधले, म्हणजे चाकाजवळच्या पेटीतले गिअर. आणि हे नेमकं अशा जागी तुटतं जिथे टोचन लावायला दुसरी गाडी पोचत नाही.

मग म्हणाल अ‍ॅक्सलचे गिअर बदलतो, फास्टवाले टाकतो. टाका, मिळतात. पण मग गाडी 140 ला जाईल आणि ब्रेक मात्र चारही चाकांना जुने ड्रमच. 95 ऐवजी 140 वरून थांबवायला ब्रेकना दुपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. त्यात वर उंच, डुगडुगणारी गाडी. मी तरी शेजारी बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आता बसवायच्या कटकटी. सगळ्यात मोठी ऑइल चेंबरची, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याची. कारमध्ये इंजिनाखाली पुढचा अ‍ॅक्सल नसतो, इथे असतो, आणि तो वर-खाली भरपूर हलतो. माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट, एकाने असंच मोठं इंजिन बसवलं, उभ्या गाडीत चेंबरखाली चार बोटं जागा दिसत होती म्हणून खूश, आणि पहिल्याच खड्ड्यात अ‍ॅक्सल वर येऊन चेंबरवर आपटला. गाडी कशीबशी घरी आणली, मागे तेलाची रेघ. म्हणून एक पुढचं चाक ठोकळ्यावर चढवून अ‍ॅक्सल पूर्ण वर नेऊन मगच माप घ्या. शिवाय कारचं चेंबर तीव्र चढासाठी केलेलं नसतं, तेल मागे गोळा होतं, पंपाची जाळी कोरडी पडते आणि बेअरिंग वाजायला लागतं.

दुसरं वायरिंग. तुमचा ट्रक 24 व्होल्टचा, इंजिन 12 चं. त्यात 90 च्या दशकातल्या पहिल्या निम्म्या काळातल्या या गाड्यांच्या इंजिन वायरिंगचं आवरण वयाबरोबर कडक होऊन बिस्किटासारखं गळून पडतं, वायर हातात धरून जरा वाकवून बघा, लगेच कळेल. रेडिएटरही मोठा लागेल आणि पंखा दणदणीत, कारण कारला समोरून वारा मिळतो, ट्रक रांगतो तेव्हा वारा कुठला.

माझं विचाराल तर त्याच घराण्यातलं दुसरं इंजिन बघा. 1978 च्या 300 एसडी या मर्सिडीजच्या एस-क्लास कारमध्ये तीन लिटरचं पाच सिलिंडर टर्बो डिझेल आलं, ओएम 617. पुढच्या मॉडेलांत ते साधारण 120 हॉर्सपॉवर देतं, टॉर्क 230 च्या वर आणि तोही 2400 आरपीएमलाच. डिझेलचा पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही. युनिमॉगवाल्यांनी हे बऱ्याचदा बसवलंय. एक तोटा, ते 4350 ला संपतं, म्हणजे त्याच गिअरवर स्पीड 85 पर्यंत उतरेल, म्हणून फास्ट गिअर टाकायचेच असतील तर यासाठी टाका. लिमोझिनचं इंजिन टाकल्याची फुशारकी मारायची सोय यातही आहेच. तसं बघितलं तर तुमच्या ट्रकाचं मूळ इंजिनही कारचंच हो, 1951 मध्ये मर्सिडीज 220 मध्ये आलेलं!

प्रश्न: असा प्रकार कुठल्या कंपनीने स्वतः केलाय का?

उत्तर: लँबोर्गिनीने. 1977 ची चीता ही गाडी मिलिटरीसाठी केली होती, क्रायस्लरचं व्ही-8 मागे टाकून, पण मागे वजन पडल्याने ती वळणावर धड वागेना. पुढे 1986 ला एलएम 002 आली तेव्हा काउंटाक या त्यांच्याच स्पोर्ट्स कारचं 5.2 लिटर व्ही-12 पुढे बसवलं, 450 हॉर्सपॉवर. 1993 पर्यंत जेमतेम तीनशे गाड्या बनल्या. आणि त्यांनी गाडीच इंजिनाभोवती बनवली होती, तुम्ही उलटं करताय.

उलटी गंगाही वाहिलीय बरं का. रोल्स-रॉइसची बी सिरीज इंजिनं ब्रिटिश लष्कराच्या गाड्यांत होती, त्यातलंच आठ सिलिंडरवालं पाण्यात पोहणाऱ्या सहा चाकी स्टॉलवर्ट ट्रकात, आणि त्याच घराण्यातलं सहा सिलिंडरवालं 1964 मध्ये व्हँडन प्लास प्रिन्सेस या साहेबी गाडीत गेलं.

प्रश्न: इंजिन बदलल्यावर कागदपत्रांचं काय?

उत्तर: इंजिन नंबर बदलला की नोंद बदलावीच लागते, आणि ताकद एवढी वाढली तर बऱ्याच देशांत ब्रेकसकट पूर्ण तपासणी होते. ते इंजिन विकत घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.