परदेशातल्या जुन्या गावी परत जावं का?

"मॅडम, तिकिटं काढून झाली आणि झोपच उडाली. तिथं गेले आणि सगळं बदललेलं निघालं, तर आहे ती आठवणही हातची जायची."

उमेदीची वर्षं आखातात घालवून महाराष्ट्रात परतलेली माणसं हा प्रश्न मला समुपदेशनात पुन्हा पुन्हा विचारतात. कुणाचं गाव दुबई असतं, कुणाचं कुवेत, कुणाचं दोहा. विचारताना बहुतेकांना संकोच वाटत असतो, कारण "नोकरीचं गाव ते, त्यात एवढं काय?" हे घरच्यांनी आधीच ऐकवलेलं असतं. म्हणून एका जोडप्याची हकिगत सांगते. दोघांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू साठीच्या, नाशिकच्या. १९९३ साली लग्न होऊन ओमानमध्ये मस्कतला गेल्या आणि २०१६ साली कायमच्या परत आल्या. काका एका बांधकाम कंपनीत हिशेब बघायचे. २०१४च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले, त्याची झळ पुढची दोन वर्षं सगळ्या आखाताला लागली. बांधकामं रखडली, माणसं कमी झाली, त्यात काकांनाही नारळ मिळाला.

ज्यांनी आखात पाहिलेलं नाही त्यांना इथं एक गोष्ट सांगायला हवी. तिथं राहायचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि बायकामुलांचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि ठरलेल्या मुदतीत देश सोडायचा. तिथं वीस-बावीस वर्षं संसार केला, मूल तिथंच जन्मलं, याने त्यात फारसा फरक पडत नाही. काकूंनी महिन्याभरात घर आवरलं. फ्रिज, सोफा, मुलीची सायकल, मिळेल त्या भावाला दिलं. नाशिकला आल्यावर जो तो म्हणाला, "बरं झालं, आलात एकदाचे आपल्या घरी."

आता यात रडायचं कसं? कुणी गेलेलं नाही, डोक्यावर छप्पर आहे, बँकेत शिल्लक आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मानतच नाहीत. अशा माणसाला भेटायला कुणी येत नाही, त्याच्यासाठी कुणी थांबत नाही, आणि मग तोही स्वतःला सांगू लागतो की आपलं काही बिघडलेलं नाही. काकूंनी सात-आठ वर्षं तेच केलं. तिकिटं हातात आली तेव्हा ते सगळं एकदम वर आलं.

झोप उडाली म्हटल्यावर मी आधी बाकीची चौकशी केली. जेवण कसं आहे, कशात मन लागतं का, जगू नये असं वाटतं का. मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक गेलेली, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर प्रवासाचा बेत बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. काकूंचं तसं नव्हतं. त्या खात होत्या, नातवंडांत रमत होत्या, फक्त रात्री दोनला जाग यायची आणि डोळ्यांसमोर मस्कतच्या वादी कबीर भागातली आपली इमारत यायची.

मस्कतला काय काय बघायचंय ते लिहून आणा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोन पानं भरून आणली. मत्राहचा कॉर्निश म्हणजे समुद्रकाठचा रस्ता, रियाम बागेवरच्या डोंगरावरची ती अवाढव्य पांढरी धूपदाणी, कुरुमचा किनारा, राजवाड्याजवळचं शंकराचं मंदिर आणि तिथली महाशिवरात्रीची रांग, मत्राहचा मासळीबाजार. प्रत्येक ठिकाणी तुमच्या शेजारी कोण उभं आहे, असं मी विचारत गेले. मुलगी सहा वर्षांची, काका चाळिशीच्या आतले.

अशा वेळी लोक म्हणतात, "तुम्हाला गाव नकोय, तुमचं तरुणपण परत हवंय." ते काही अंशी खरं असेल, पण मला तेवढं पुरेसं वाटत नाही. तरुणपण तर नाशिकला राहिलेल्यांचंही जातं. फरक असा की माहेरच्या जुन्या आळीत गेलं तर निदान एक म्हातारी दारातून विचारते, "अगं, तू अमक्यांची ना?" आखातातल्या इमारतीत सगळेच कधी ना कधी जाणारे. मधे आठ-दहा वर्षं गेली की वरपासून खालपर्यंत नवी बिऱ्हाडं, आणि तुम्ही इथं होतात हे सांगणारं एकही माणूस उरत नाही. काकूंची खरी भीती ही होती. शहर बदललेलं बघायला त्या तयार होत्या. आपण तिथं कधी नव्हतोच असं वाटेल, याने त्यांची झोप उडाली होती.

म्हणून मी त्यांना सांगितलं, जाण्याआधी त्या काळातलं एक तरी माणूस शोधा.

काकूंना लगेच आठवली ती खालच्या मजल्यावरची कराचीची शेजारीण. जून २००७मध्ये गोनू वादळ आलं तेव्हा मस्कतच्या वादींना, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना, पूर आले, कितीतरी भागांत वीज आणि पाणी गेलं. शेजारणीच्या घरात पाणी शिरलं म्हणून ते चौघं काकूंकडे वर राहायला आले. गॅस होता, तांदूळ होता, प्यायचं पाणी पिंपात मोजून ठेवलेलं. दोघी मेणबत्तीच्या उजेडात खिचडी करायच्या आणि आधी सगळी मुलं जेवायची. पुढं २०११ला ती कराचीला परत गेली आणि संपर्क तुटला. काकूंच्या मुलीने तिच्या मुलाला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं.

फोनवर पहिल्यांदा दोघी नुसत्या रडल्या म्हणे. मग ती म्हणाली, "पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती, ती अजून आहे का बघून ये." तिला स्वतःला तिथं जाणं जमण्यासारखं नव्हतं. काकू मला हे सांगायला आल्या तेव्हा त्यांचा आवाजच निराळा होता. त्यांना कुणीतरी काम सांगितलं होतं.

मग बेत आखला. जुन्या घराकडे पहिल्या दिवशी जायचं नाही, हे मी सगळ्यांनाच आग्रहाने सांगते. प्रवासाचा शीण असतो, पोटात अन्न नसतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस सगळ्यात नाजूक ठिकाणी जाऊन उभा राहतो. आधी काहीतरी नवं बघा. काकूंच्या बाबतीत ते विमानतळावरच झालं. ज्या जुन्या टर्मिनलवर त्या रडत निघाल्या होत्या त्याच्या जागी २०१८पासून नवं टर्मिनल सुरू झालंय. त्या म्हणाल्या, ओळखीचं काही नव्हतं म्हणून उलट बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या वादी कबीरला गेल्या. त्यांच्या गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे लहान मुलांचे कपडे वाळत होते. वर जायचा धीर झाला नाही. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात मल्याळी मुलगा होता, पण ओळखीचा नव्हता. करक चहा घेतला आणि तिथंच बराच वेळ रडल्या. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की रडू आलं तर बेत फसला असं समजू नका. मग त्या पार्किंगमध्ये गेल्या. भिंतीला नवा रंग लागलेला, रेघ गेलेली. काकूंनी आपल्या कमरेच्या वर हात भिंतीला टेकवला, "इथपर्यंत होतं बघ," असं हिंदीत म्हणत मोबाईलवर चित्रण केलं आणि कराचीला पाठवलं. इमारतीचा रखवालदार कुतूहलाने आला, त्यालाही त्यांनी गोनूची सगळी कथा ऐकवली.

मासळीबाजार मात्र त्यांना मुळीच आवडला नाही. कॉर्निशवर आता नवी, देखणी इमारत आहे. आपल्या जुन्या कोळ्याकडची सुरमई तिथं नाही म्हणून त्या माझ्यासमोर चांगल्या तावातावाने बोलल्या. तेही चालतं. गाव आवडतं म्हणून त्यातलं सगळं आवडायलाच हवं असं नाही.

आठवण हातची गेली का? माझ्याकडे येणाऱ्यांत मी असं पाहिलंय की परतल्यावर थोडे दिवस नवं चित्र जुन्यावर येऊन बसतं. जुनं घर आठवायला गेलं की नवा रंगच दिसतो. त्या दिवसांत फार उदास वाटतं, काकूंनाही वाटलं. परतीनंतर मन पुन्हा एकदा खाली जातं, हे गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधक दांपत्याने १९६३मध्येच मांडलं होतं, आणि ते आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. पुढं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी राहू लागतात. काकूंना आज रंगही दिसतो आणि रेघही.

जोडीदार जाऊन वर्षसुद्धा झालेलं नसेल आणि एकटीनेच जायचं असेल, तर थोडं थांबा असं मी सांगते. कर्ज काढून जायचं असेल तरीही. बाकीच्यांनी जरूर जावं.

काका सोबत गेले होते, पण वादी कबीरला आले नाहीत आणि रुवीतल्या ऑफिसच्या रस्त्याला तर टॅक्सीसुद्धा वळू दिली नाही. "पैसे मिळवायला गेलो होतो, मिळवले, आलो," एवढंच ते पहिल्या भेटीत बोलले होते. काकूंना वाटायचं, यांना काहीच वाटत नाही. मस्कतहून आल्यावर काही आठवड्यांनी काकांनी स्वतः फोन करून वेळ मागितली. नोकरी गेल्याचं पत्र त्यांच्या टेबलावर आणून ठेवणारा मुलगा त्यांनीच हाताखाली तयार केलेला होता, आणि हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. आता ते दर पंधरवड्याला एकटे येतात. पुन्हा मस्कतला जायचं का, यावर आमचं अजून बोलणं झालेलं नाही. आधी त्या दिवसाचं सगळं सांगून व्हायचंय.