नॅनोतारांची पहिली खेप

नॅनोतारा, म्हणजे केसाहून कैक पटींनी बारीक धातूच्या तारा, तुम्ही पहिल्यांदाच बनवणार आहात; त्यांपासून चुंबकीय संवेदक (सेन्सर) आणि विदासाठवण (डेटा साठवणे) साधण्याची तुमची ओढ मी समजू शकतो. परंतु त्यासाठीचे, तारेत कोबाल्ट-तांब्याचे आलटून पालटून येणारे थर तूर्त बाजूला ठेवा आणि आधी निव्वळ निकेलच्या तारा, २०० नॅनोमीटर छिद्रांच्या ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) पटलात, विद्युत-निक्षेपणाने, म्हणजे द्रावणात वीज सोडून छिद्रांत धातू साचवत, वाढवून पाहा.

पहिली चूक बहुधा पटलाच्या पाठीवर होते. तिथला सोन्याचा थर पातळ राहिला की छिद्रे बुजत नाहीत, द्रावण मागे झिरपते आणि धातू भलतीकडेच साचतो. दुसरी चूक छिद्रांत अडकलेल्या हवेची. माझे पहिले तीन नमुने त्यामुळेच जागोजागी रिकामे राहिले. निर्वातात पटल भिजवू लागल्यावर कुठे ते सरळ झाले.

आणखी इतकेच:
- द्रावणातील बोरिक आम्ल वगळू नका. आम्लता तेच सांभाळते.
- विद्युतप्रवाह एकाएकी चढू लागला, की तारा छिद्रांबाहेर येऊन त्यांच्या टोकांवर अळंबीसारख्या टोप्या धरत आहेत असे समजून थांबा.
- पटल कडेलाच चिमट्यात धरा. ते पापडासारखे मोडते.

शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ॲल्युमिना विरघळवताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. मोकळ्या झालेल्या तारा बाटलीबाहेर चुंबक धरून गोळा करता येतात, आणि काचेलगत जमणारी ती काळपट रेघ पहिल्यांदा पाहताना मोठी मौज वाटते.