वाचक विचारतात: स्वस्तातली परदेश ट्रिप की सुट्टीभर घरीच?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही चौघं, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चारचा. यांनी सहा दिवसांचं एक परदेशाचं पॅकेज शोधलंय, दोन देश, चार शहरं, आणि खरंच स्वस्त वाटतंय, पण विमान रात्री दोनचं आणि मधे सात तास थांबायचं, येतानाही तसंच. मला मनातून घरीच राहावंसं वाटतं, पण तसं बोलले की मुलांचा आनंद मीच हिरावून घेतेय असं होतं. आणि मागच्या सुट्टीत घरीच होतो तेव्हा, खरं सांगते, दोन महिने मी फक्त ओट्यापाशी उभी होते. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातलं ओट्यापाशीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पॅकेज घेतलं तरी आणि घरी राहिलात तरी तुमची स्वतःची सुट्टी कुठेच दिसत नाहीये, तिथूनच सुरुवात करू.

आधी पॅकेज. सहा दिवस म्हणताय त्यातले पहिला आणि शेवटचा प्रवासातच जाणार, उरले चार, त्यात चार शहरं, म्हणजे रोज सकाळी बॅगा भरा, रोज नवीन रूम, आणि त्या बॅगा कोण भरणार हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. वर वेळेचा फरक. शरीराला नवीन वेळेशी जुळवून घ्यायला साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो आणि पूर्वेकडे जाताना जरा जास्तच त्रास होतो, म्हणजे चार-पाच तासांचा फरक असला तर तुमच्या धाकट्याची झोप जागेवर येईपर्यंत परतीचं विमान आलेलं असेल.

मी हे अनुभवावरून बोलतेय. आमचा धाकटाही तेव्हा चारचाच होता, स्वस्त तिकिटाच्या नादात आम्ही अशीच मधे लांब थांबणारी फ्लाइट घेतली. पहाटे तीन वाजता एअरपोर्टवर सगळ्या खुर्च्यांना मधे लोखंडी हात, त्याला आडवं करता येईना, म्हणून मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि त्याला मांडीवर घेतलं, आणि तो झोपेतच बूट काढू नको म्हणत होता कारण त्याला वाटत होतं आपल्याला पुन्हा चालायचंय. पुढचे दोन दिवस तो प्रत्येक ठिकाणी रडला आणि आम्ही त्याला रागावलो. वाचलेले पैसे त्या लेकराने भरले असं मला आजही वाटतं. म्हणून सांगते, ट्रिप स्वस्त आहे का हे ठरवताना तिकिटाच्या आकड्याशेजारी घरातल्या सगळ्यात लहान माणसाचे झोपेचे तास लिहून बघा.

आणि पॅकेजवाल्यांकडून लेखी घ्या की चेक-इन बॅगेज, व्हिसा, इन्शुरन्स, एअरपोर्ट ते हॉटेल गाडी, दुपारचं जेवण आणि बऱ्याच शहरांत हॉटेलवर माणशी रोज लागतो तो टुरिस्ट टॅक्स, यातलं काय धरलंय आणि काय नाही. आम्हाला एका टूर कंपनीने यातलं निम्मं तिथे पोचल्यावर सांगितलं होतं. प्रत्येक वाढीव खर्चाला चारने गुणायचं हे विसरू नका. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागणार असेल तर जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वयाच्या मुलांना 45 आणि सहाच्या आतल्यांना फी नाही, शिवाय अर्ज घेणाऱ्या एजन्सीचा चार्ज वेगळा. बाहेर कार्ड वापरताना मशीन विचारतं की बिल तुमच्या देशाच्या चलनात करू का, तिथे नेहमी नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात पैसे द्या, नाहीतर रेट त्यांच्या मर्जीचा लागतो.

तरीही जायचंच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, एक देश, एक शहर, किचन असलेला फ्लॅट, आणि विमान दिवसाचं. किचन म्हणजे तुम्हाला तिथेही स्वयंपाक असं नको, सकाळचा नाश्ता आणि धाकट्याला रात्री भूक लागली तर काहीतरी गरम मिळावं एवढंच, तेवढ्यानेही बाहेर खाण्याचं बिल बरंच खाली येतं. फुकट बघण्यासारखं खूप आहे आणि ते दुय्यम अजिबात नाही. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची म्युझियम्स फुकट, पॅरिसच्या लूव्रमध्ये 18 च्या आतल्यांना पैसे पडत नाहीत, आणि लक्झेंबर्ग देशात तर 2020 पासून बस, ट्राम, ट्रेन सगळं सेकंड क्लासने फुकट आहे, टुरिस्टलासुद्धा. लहान मुलाला ट्राममध्ये खिडकीशी बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि परत यायचं यात जे सुख असतं ते मोठ्या राजवाड्यात नसतं.

फक्त युरोपात जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. त्या दोन महिन्यांत तिकडे बहुतेकांच्या शाळांना सुट्टी, म्हणून रेट वर, आणि ऊन तर असं की 2023 च्या जुलैत अथेन्सचं ॲक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची ती प्राचीन देवळं, दुपारच्या वेळात बंद ठेवावं लागलं होतं. तिथे चार वर्षांच्या मुलाला घेऊन दगडी चढण चढायची कल्पना करा.

आता घर. तुमच्या जागी मी असते तर या वर्षी घरीच राहिले असते, पण मागच्या सुट्टीसारखी नाही. बाहेर जाताना आपण तारखा ठरवतो, रजा टाकतो, पैसे बाजूला काढतो आणि घरी राहायचं ठरलं की यातलं काहीच करत नाही, म्हणून ते दोन महिने नुसते वाहून जातात आणि बाई ओट्यापाशी उभी राहते. तसं नका करू. आठ दिवस कॅलेंडरवर लाल पेनने गोल करा. त्या आठ दिवसांत यांनीही रजा घ्यायची, ऑफिसचे कॉल बंद, नुसतं घरात लॅपटॉप उघडून बसलेला बाप म्हणजे सुट्टी नव्हे. पॅकेजचे जेवढे पैसे लागणार होते त्यातला थोडासा भाग खरंच वेगळा काढा आणि त्या आठ दिवसांत स्वयंपाक तुमच्याकडे फक्त दोन वेळा, बाकीचा यांच्याकडे, लेकीकडे आणि बाहेरून. हे आधी कागदावर लिहून फ्रिजवर लावा, तोंडी ठरलेलं तिसऱ्या दिवशी विरतं.

आमच्याकडे एका सुट्टीत मुलीच्या हट्टाने आम्ही एक दिवस घड्याळाशिवाय काढला. तिने स्वतः स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, फोन एका डब्यात ठेवले, आणि ठरलं की भूक लागली की खायचं, झोप आली की झोपायचं. दुपार झाली की संध्याकाळ हे कळायला धाकटा दर थोड्या वेळाने खिडकीत जाऊन भिंतीवरची सावली बघून यायचा आणि मोठ्याने सांगायचा, अजून पायरीपर्यंत नाही आली! मी त्या दिवशी दुपारी किती झोपले ते मला माहीत नाही आणि कुणी उठवलंही नाही. मुलं मोठी झाली, त्या परदेश ट्रिपमधलं त्यांना फारसं आठवत नाही, सावलीचं मात्र दोघंही सांगतात.

मुलांचा आनंद तुम्ही हिरावून घेत नाही आहात हो. तुमचा चारचा मुलगा दोन वर्षांनी सहाचा होईल, स्वतःची पाठपिशवी स्वतः उचलेल, तेव्हा ऑफ सीझनला सगळे मिळून जा. यांना हे पत्र आणि उत्तर दोन्ही वाचायला द्या.

प्रश्न: बाळ पुढच्या महिन्यात दोन वर्षांचं होतंय, मी एकटीच दोन्ही मुलांना घेऊन परदेशात बहिणीकडे जातेय. तिकिटाचं काय?

उत्तर: परतीची तारीख आधी बघा. दोनच्या आतल्या बाळाला मांडीवर घेऊन गेलं तर इंटरनॅशनल फ्लाइटला साधारण मोठ्यांच्या तिकिटाच्या दहा टक्के लागतात, पण ट्रिपच्या मधेच दुसरा वाढदिवस आला तर येताना त्याला वेगळी सीट घ्यावी लागते. जमलं तर वाढदिवसाच्या आधी परत या. मुलांच्या वडिलांचं संमतीपत्र सही करून जवळ ठेवा, शक्यतो नोटरी केलेलं, एकट्या पालकाला काही देशांत ते विचारतात. आणि पासपोर्टला सहा महिने शिल्लक आहेत ना हे मुलांच्या पासपोर्टवरही बघा, त्यांची मुदत बऱ्याचदा मोठ्यांपेक्षा कमी वर्षांची असते.

प्रश्न: ताई, मी 14 वर्षांचा आहे. वर्गातले बरेच जण सुट्टीत परदेशात जातात. आई-बाबा म्हणाले या वर्षी जमणार नाही. शाळा सुरू झाली की सगळे विचारतात कुठे गेला होतास. मागच्या वर्षी मी खोटं सांगितलं.

उत्तर: तू हे लिहिलंस याचं मला फार बरं वाटलं. ते खोटं तू वर्षभर सांभाळत बसलास, कुणी फोटो मागितला तर काय या भीतीने, हो ना? या वेळी सरळ सांग, आम्ही घरीच होतो. पहिल्यांदा जड जाईल, दुसऱ्यांदा नाही.

तुला एक खरी गोष्ट सांगते. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शिक्षक होते, शाळेतल्या मुलांना घेऊन ते पायी भटकायला जायचे. 1909 मध्ये एकदा जोराच्या वादळात सापडले आणि एका गावातल्या शाळेत मुलांना पेंढ्यावर झोपवून रात्र काढली. त्या रात्री त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, फिरणाऱ्या मुलांना तिथे स्वस्तात राहता आलं तर! पुढे 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू झालं. आज अनेक देशांत अशी होस्टेल्स आहेत आणि बऱ्याच ठिकाणी चार जणांच्या कुटुंबासाठी वेगळी खोलीही मिळते.

तर असं कर, बाबांना विचार की पुढच्या वर्षीसाठी किती पैसे बाजूला टाकता येतील, खरा आकडा विचार, तू आता तेवढा मोठा आहेस. मग या सुट्टीत वही घेऊन बस आणि त्या आकड्यात चौघं कुठे, किती दिवस जाऊ शकतात ते शोध, विमान, राहणं, आतला प्रवास, व्हिसा सगळं धरून. आकडा पुरत नसेल तर तेही लिही, किती कमी पडतायत ते. वही पूर्ण झाली की मला कळव, मी नक्की वाचेन.