विश्वासाने तारण होत असेल, तर बाप्तिस्मा न घेता वारलेल्या माणसाचे काय?

आपला प्रश्न वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या मते अशा माणसाचे तारण, म्हणजे पापापासून सुटका, निःसंशय होते.

माझ्या आईने लग्नापूर्वी बाप्तिस्मा घेतला. मावशीचे सासर मात्र हिंदू होते. तरीही ती ११ वर्षे आमच्याबरोबर रविवारच्या उपासनेला येत राहिली. सासूबाईंच्या हयातीत त्यांचे मन दुखवायचे नाही, म्हणून ती थांबली होती. त्या गेल्यावर तिने स्वतः पाळकांना विचारले, ईस्टरचा दिवस ठरला, आणि त्याआधी तीन आठवडे पक्षाघाताने ती गेली. घरी प्रार्थनासभा झाली, तेव्हा तिच्या तारणाविषयी आईने विचारताच पाळकांनी बायबलमधील मार्क १६:१६ चा पूर्वार्ध, 'जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल', वाचून "खात्री देता येत नाही" असे सांगितले. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले एक जबाबदार, असलेले माझे काकाही त्यांच्याच बाजूने बोलले. त्यानंतर आई कितीतरी दिवस नीट जेवली नाही.

त्याच वचनाचा उत्तरार्ध त्यांनी वाचला असता, तर दंड विश्वास न ठेवणाऱ्याला सांगितला आहे, बाप्तिस्मा न घेतलेल्याला नाही, हे दिसले असते. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावर मरताना ज्याला त्याने सुखलोकाचे वचन दिले, त्या चोराला कोणी पाण्यात उतरवले होते? प्रेषितांच्या कृत्यांतील रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी तर पवित्र आत्मा आधी उतरला आणि पाणी नंतर आले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आपल्याला आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समूह स्थापला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात तर बाप्तिस्म्याचा विधीच नाही. मग तिच्यातील सगळ्यांचे तारण काका नाकारणार आहेत काय?

तरीही बाप्तिस्मा टाळावा, असे मी सुचवत नाही. आत्मा मिळाल्यावरही येशूचा शिष्य पेत्र याने कर्नेल्याच्या घरच्यांना बाप्तिस्मा घ्यायला लावलाच. ती प्रभूची आज्ञा आहे आणि विश्वासणारा ती पाळतो. शिवाय माझे हे मत प्रॉटेस्टंट असले तरी सर्व प्रॉटेस्टंटांचे नाही, कारण लुथरन मंडळींचा १५३० चा ऑग्सबर्ग कबुलीजबाब, म्हणजे त्यांच्या विश्वासाचा जाहीरनामा, बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक मानतो. कॅथलिक चर्चही स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, आवश्यक मानते. पण त्याची तयारी करत असताना, तो घेण्याची इच्छा मनात धरून जो मरतो, त्याला ती इच्छाच तारते, असे तेथे शिकवले जाते. म्हणजे पाण्याला इतके महत्त्व देणाऱ्या चर्चमध्येही माझ्या आईला त्या दिवशी तसे उत्तर मिळाले नसते.