जुन्या मराठी नाटकांत बायकांच्या भूमिका पुरुष का करायचे? आणि प्रेक्षकांना ते चालायचं कसं?

कारण सरळ आहे: घरंदाज बाईने रंगमंचावर उभं राहणं तेव्हा समाजाला मान्य नव्हतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून स्त्रीपार्ट पुरुषांकडेच.

'चालायचं' हा शब्द मात्र फार कमी पडतो. लोक वेडे झाले होते! नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 'मानापमाना'त भामिनी आणि 'स्वयंवरा'त रुक्मिणी म्हणून उभे राहिले, की त्यांची साडी, दागिने, अंबाड्यावरचा गजरा बघून घरोघरच्या बायका तसंच नटायच्या. नऊवारी नेसायची कशी हे बायकांनी एका पुरुषाकडून उचललं, हे मला आजही अजब वाटतं. पण नुसतं नटणं नव्हतं ते. 'एकच प्याला'मधली दारुड्याची बायको सिंधू ही साध्या लुगड्यातली, सोसणारी बाई. त्या भूमिकेनेही त्यांनी लोकांना रडवलं. गळा तर होताच.

१९३३ला 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्याआधी गायिका हिराबाई बडोदेकरही रंगमंचावर आल्या होत्या. मग हळूहळू स्त्रीपार्टी नटांची सद्दी संपली. बालगंधर्व मात्र उतारवयातही लुगडं नेसून उभे राहत, आणि जुने चाहते डोळे मिटून गाणं ऐकत, असं म्हणतात.

परंपरा अजून बघायची असेल तर सिंधुदुर्गात जत्रेच्या दिवसांत जा. दशावतार या तिथल्या लोकनाट्यात राणी आजही पुरुषच असतो, आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो.