इसार दिला आहे, आता गाडी घ्यावी का?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय 43, कुपवाड एमआयडीसीत स्वतःचे लेथ वर्कशॉप, घरी आई, पत्नी आणि दहावीतली मुलगी. कोल्हापुरात 2008 सालची, उघडत्या छताची, दोनच आसनांची पोर्शे बॉक्स्टर विकायला आहे. मीटरवर 38,000 किलोमीटर, मागणी 17 लाख, पासिंग मुंबईचे. कॉलेजात असताना खोलीच्या भिंतीवर याच गाडीचे चित्र होते, असे ते लिहितात. पत्नी सुरुवातीला "तुम्हाला हवी असेल तर घ्या" एवढेच म्हणाल्या आणि नंतर त्या विषयावर बोलल्याच नाहीत. "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे," असे विक्रेत्याने सांगितल्यामुळे वाचकांनी गेल्या आठवड्यात 50,000 रुपये इसार दिला आणि तो घरी सांगितलेला नाही. "मी वेडेपणा करतो आहे का?" असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय वाचक,

आपली हौस वेडेपणाची नाही. वीस वर्षे यंत्रावर उभे राहून, कर्ज फेडून, माणसांचे पगार वेळेवर देऊन शिल्लक टाकलेल्या पैशातून एखाद्याला मनातली गाडी घ्यावीशी वाटली, तर त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. मात्र इसाराची गोष्ट घरी लपवली आहे, ती मला खटकते. वर्कशॉपच्या हिशेबाची वही आपल्या पत्नी लिहितात, असे आपणच पत्रात नोंदवले आहे. म्हणजे ते 50,000 रुपये त्यांना आज ना उद्या दिसणारच. त्यांनी वहीत शोधून काढण्याआधी आपण सांगितलेले बरे, आणि ते आज रात्रीच सांगावे. "हवी असेल तर घ्या" या वाक्याला मी होकार समजत नाही. चौघांच्या घरात दोघांचीच गाडी येते आहे, पुढच्या वर्षी मुलीच्या अकरावीचा खर्च आहे, हे त्या मनात धरून असतील, किंवा त्यांच्या मनात वेगळेच काही असेल. विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

आता गाडीबद्दल. ही गाडी विकत घेणे आणि ती सांभाळणे हे दोन वेगळे खर्च आहेत आणि आपल्या पत्रात फक्त पहिल्याचा हिशेब आहे. बॉक्स्टरचे सहा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या पोटात बसवलेले असते. बॉनेट उचलून ते दिसत नाही, तिथे सामानाची जागा असते. त्यामुळे अंगणात उभी असलेली गाडी पाहून, आवाज ऐकून आणि एक फेरी मारून तिच्याबद्दल फारसे काही कळत नाही. या इंजिनातील इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची गती व्हॉल्व्ह चालवणाऱ्या भागांकडे पोहोचवणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा दोष जगभर माहीत आहे. ते बेअरिंग तुटले की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ, सुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन बाद होते. साधारणपणे 2006 ते 2008 या काळातल्या इंजिनांत हे बेअरिंग मोठे आहे आणि ते तुटण्याचे प्रमाण आधीच्या गाड्यांपेक्षा बरेच कमी आहे. परंतु पूर्ण इंजिन खोलल्याशिवाय ते बदलता येत नाही. 2009 पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच ठेवलेला नाही. आपण स्वतः रोज बेअरिंगे हाताळता, तेव्हा या फरकाचे मोल आपल्याला मी समजावण्याची गरज नाही. म्हणूनच माझे पहिले मत असे आहे की, घाई नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन 2009 नंतरची गाडी शोधावी.

हीच गाडी पाहायची असेल, तर ती लिफ्टवर चढवून, या बनावटीची कामे केलेल्या मेकॅनिककडून ऑइल फिल्टर काढून घ्यावा. फिल्टरचा कागद कापून, घड्या उलगडून उजेडात धरावा. त्यात चकाकणारा कीस दिसला तर तिथेच व्यवहार थांबवावा. तपासणीचे पाच-दहा हजार रुपये द्यायला विक्रेता तयार नसेल तर ते आपण द्यावेत; पण तपासणीलाच त्याची ना असेल, तर इसार सोडावा लागला तरी हरकत नाही, असे मी स्पष्ट सांगते.

38,000 किलोमीटर या आकड्याने आपण फार हुरळला आहात. इतक्या वर्षांत इतके कमी चालणे म्हणजे गाडी बहुतेक काळ उभी होती, आणि उभ्या गाडीचे रबर, सील, नळ्या, बॅटरी सगळे आपोआप कमकुवत होत जाते. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. 2315 असे असेल तर तो टायर 2015 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांचे टायर मी घाटात वापरू देणार नाही. पेट्रोलचाही विचार करावा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांमधून जाते आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. पण 2008 सालच्या गाडीची इंधनाची नळी आणि सील त्या प्रमाणासाठी बनवलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. महिनोन्महिने टाकीत तेच पेट्रोल ठेवून गाडी उभी करणे या गाडीला मानवणार नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. गाडी 2018 पासून कोल्हापुरात, इमारतीच्या तळघरात उभी असते, असे आपण लिहिले आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, हे सांगलीकराला सांगायला नको; त्याच दिवसांत पंचगंगेने कोल्हापुरात काय केले तेही आपण पाहिले आहे, आणि जुलै 2021 मध्ये ते पुन्हा घडले. आमच्या शेजाऱ्यांनी 2020 मध्ये एक जुनी गाडी घेतली होती, बाहेरून काचेसारखी स्वच्छ. दोन महिन्यांनी तिचा सीटबेल्ट कोणीतरी शेवटपर्यंत ओढला, तेव्हा आत गुंडाळलेल्या हातभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ आडवी उमटलेली होती. तसा पट्टा ओढून पाहावा, सीटखालच्या रुळांवरचा गंज पाहावा, मॅट उचलून खालचा थर नाकाशी धरावा. बॉक्स्टरमध्ये अलार्मचे कंट्रोल युनिट सीटखाली असते. पुराचे पाणी लागलेले नसले, तरी छताच्या पन्हळीत पाने अडकून पावसाचे पाणी आत झिरपले की ते युनिट बिघडते आणि गाडी चालू होत नाही. आपल्या भागातला आषाढ-श्रावण ध्यानात घेता त्या पन्हळी साफ आहेत का, हे पाहिलेच पाहिजे. 2019 आणि 2021 मध्ये विम्याचा दावा झाला होता का, हेही विमा कंपनीकडून लेखी मागवावे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. 2008 च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2023 मध्येच संपली. पुढे पाच वर्षांचे नूतनीकरण झाले आहे का, ते आरसीवर पाहावे. आयात केलेल्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 40,000 रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. आरसीवर नाव विक्रेत्याचेच आहे ना, की गाडी अजून मुंबईच्या मूळ मालकाच्या नावावर आहे? बँकेचा बोजा, थकलेली ई-चलने, दोन्ही किल्ल्या हे सारे पाहून झाल्यावरच मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या व्हाव्यात.

आता पैशाचे. 17 लाख जवळ आहेत म्हणून 17 लाखांची गाडी घेता येत नाही. सांगलीत या गाडीचे अधिकृत सेवा केंद्र नाही. रस्त्यात बंद पडली तर ती क्रेनच्या सपाट गाडीवर चढवून पुण्या-मुंबईकडे पाठवावी लागेल. माझ्या हिशेबाने किमान पाच लाख रुपये गाडीसाठी वेगळे आणि वर्कशॉपच्या भांडवलाला हात न लावता बाजूला असावेत. ते नसतील तर गाडी 12 लाखांत मागावी, आणि विक्रेता नाही म्हणाला तर सोडून द्यावी. मीटरची दुरुस्ती, कंडेन्सर किंवा क्लच यांपैकी एखादे काम निघाले आणि त्याच महिन्यात कारखान्याचे बिल अडकले, तर गाडी पुन्हा एखाद्या तळघरात उभी राहील.

तेव्हा आज घरी इसाराचे सांगावे, आणि विक्रेत्याला पंधरा दिवसांची मुदत लेखी मागावी. गाडी लिफ्टवर चढेल त्या दिवशी पत्नींनाही सोबत न्यावे. मेकॅनिक सांगेल तो एकेक आकडा त्यांनाच त्यांच्या वहीत लिहू द्यावा, आणि बेरीज झाल्यावर दोघांनी मिळून ठरवावे.